जबडा अडकतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसबाई निमंत्रण घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "पत्रिकेत विषय काय घालू?" मी म्हटले, "जबडा अडकणे." त्या क्षणभर थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "बायकांचा जबडा अडकला तर घरच्या मंडळींना आनंदच व्हायचा!" मीही हसले. पण भगिनींनो, गेली तीस वर्षे या सोलापुरात दातांचा दवाखाना चालविताना मी पाहिले आहे की, जिचा जबडा खरोखरच अडकतो तिला हा विनोद फार वेळा ऐकावा लागतो, आणि त्या हसण्यातच औषधोपचाराचे दिवस निघून जातात. म्हणून आज हा विषय.

एक उदाहरण सांगते. सव्वीस वर्षांची एक सून सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली. कडक भाकरीचा तुकडा तिला तोंडात घालता येत नव्हता. भाकरी दुधात कुस्करून ती कशीबशी खात असे. घरात समजूत अशी की, सुनेला आमची भाकरी आवडत नाही, म्हणून हे नखरे. मी विचारले, "असे किती दिवस चालले आहे?" सासूबाई म्हणाल्या, "झाले असतील आठ-पंधरा दिवस." सून खाली मान घालून हळूच म्हणाली, "सात महिने झाले." सासूबाई गप्प झाल्या. मग त्यांनीच पदराने सुनेचे डोळे पुसले. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की जबड्यालाही सांधा असतो आणि गुडघ्याप्रमाणे तोही अडकतो.

आज मला आपल्याला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. तोंड उघडेनासे झाले किंवा मिटेनासे झाले, तर पहिला प्रश्न विचारावा तो "दुखते का?" हा नव्हे. "किती वेळ झाला? किती दिवस झाले?" हा विचारावा. काही दुखणी काही तासांची असतात, काही दिवसांची, काही महिन्यांची आणि काही वर्षांची. काळ समजला की निम्मे निदान झाले, आणि दवाखान्यात आत्ता धावावयाचे की उद्या सकाळी गेले तरी चालेल, तेही समजते.

प्रथम हा सांधा कोठे आहे ते पाहू. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा व मिटा. बोटांखाली काही हलते ना? तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचे गोल टोक कवटीच्या खोबणीत बसते. दोहोंच्या मध्ये एक लवचिक चकती असते, मध्यभागी पातळ आणि कडेला जाड. तोंड थोडे उघडले की ते टोक जागच्या जागी फिरते. अधिक उघडले की चकतीसकट पुढे घसरते. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा फिरतो आणि घसरतोही. म्हणूनच आपण बोलतो, चावतो, जांभई देतो. आणि म्हणूनच त्यात अडचणही लवकर येते.

आता उजव्या हाताची मधली तीन बोटे एकत्र जोडा आणि उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. संकोच नको, येथे आपण सगळ्या बायकाच आहोत. बहुतेकींची तीन बोटे आत जातील. मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे. दोनच जात असतील तर एकदा तपासून घ्यावे. एकच जात असेल तर अजिबात वाट पाहू नये. हे माप घरी फुकट आहे. महिन्यातून एकदा स्वतःचे आणि मुलांचे (त्यांच्या त्यांच्या बोटांनी) घेत जावे.

आता काळाच्या क्रमाने दुखणी सांगते.

पहिले दुखणे तासांचे. मोठी जांभई दिली, उलटी झाली, किंवा दात काढताना फार वेळ तोंड उघडे ठेवले, आणि तोंड उघडेच राहिले, मिटेना. यास जबडा निखळणे म्हणतात. हाडाचे टोक खोबणीच्या उंचवट्यापुढे जाऊन तेथेच अडकते. रोग्याला बोलता येत नाही, लाळ गळते, हनुवटी पुढे आलेली दिसते. एकाच बाजूचा सांधा निखळला असेल तर हनुवटी दुसऱ्या बाजूस वळते. पाहणारी माणसे घाबरून जातात. कोणी थोबाडीत मारतात, कोणी हनुवटी वर दाबतात. यांपैकी काहीही करू नये. हनुवटीखाली दुपट्टा धरून रोग्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. डॉक्टर अंगठे मागच्या दाढांवर ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागे दाबतात, आणि तो जागेवर बसतो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या परंपरेतील ग्रंथांत हीच रीत थोड्या फरकाने सांगितलेली आहे. आपल्या वाग्भटानेही 'अष्टांगहृदया'त हनुस्रंस या नावाखाली तोंड उघडे राहणे आणि मिटलेले राहणे अशा दोन्ही अवस्था वर्णिल्या आहेत. तेव्हा दुखणे जुनेच आहे. मात्र जितका उशीर होतो तितके स्नायू आखडतात, आणि पहिल्या तासात सहज बसणारा जबडा दुसऱ्या दिवशी भूल देऊन बसवावा लागतो. एकदा निखळलेला जबडा पुन्हा निखळण्याची भीती असते. म्हणून पुढे काही आठवडे जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी आणि पातळ-मऊ अन्न खावे.

याच तासांच्या वर्गात आणखी एक गोष्ट येते. उलटी थांबविण्याच्या काही औषधांनी क्वचित तरुण मुलींचा जबडा एकाएकी आखडतो, मान वाकडी होते, डोळे वर जातात. घरची माणसे याला बाहेरची बाधा समजतात. बाधा वगैरे काही नसते. औषधाची चिठ्ठी किंवा वेष्टन घेऊन डॉक्टरांकडे जावे. एका इंजेक्शनाने बहुधा थोड्याच वेळात आराम पडतो. आणि दातखीळ बसली म्हणून दातांत चमचा घालून तोंड उघडण्याची आपल्याकडची रीत कृपा करून सोडून द्या. त्याने दात मात्र तुटतात.

दुसरे दुखणे दिवसांचे. काल-परवापर्यंत तोंड नीट उघडत होते आणि दोन-तीन दिवसांत कमी उघडू लागले, तर बहुधा कारण अक्कलदाढ असते. अर्धवट वर आलेल्या दाढेभोवतीची हिरडी सुजते, गिळताना दुखते, तोंडाला वास येतो, ताप येतो. हे वेळेवर उपचार केल्यास चार-आठ दिवसांत बरे होते. परंतु सूज गळ्याकडे उतरू लागली, गिळता येईना किंवा श्वास कोंडू लागला, तर रात्र असली तरी थांबू नये. दात काढताना भुलीचे इंजेक्शन दिल्यानंतरही काही दिवस तोंड कमी उघडते. गरम पाण्याच्या गुळण्यांनी आणि सावकाश व्यायामाने ते सुटते.

याच दिवसांच्या हिशेबात सर्वांत भयंकर दुखणे येते, ते म्हणजे धनुर्वात. खिळा, काटा किंवा पत्रा लागतो, जखम भरतेही, आणि साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा कडक होऊ लागतो. मग मान, मग पाठ. धनुर्वाताचे जंतू १८८९ साली जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी प्रथम वेगळे करून दाखविले, आणि पुढे त्यावर लस निघाली. आपल्या देशात पूर्वी बाळंतिणी आणि नवजात बालके या रोगाने दगावत. बाळाची नाळ अस्वच्छ विळ्याने कापली की आठवड्याच्या आत बाळ अंगावर पिणे सोडी. पिणे सोडी, कारण त्याचा जबडा अडकलेला असे. गरोदर स्त्रियांना लस देणे आणि दवाखान्यात बाळंतपणे करणे या दोन गोष्टींनी हे चित्र पालटले. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पण जंतू मातीत व शेणात आहेतच. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची लस चुकवू नका, गरोदरपणातील लस चुकवू नका. जखमेनंतर जबडा जड वाटू लागला तर तडक मोठ्या रुग्णालयात जा.

तिसरे दुखणे आठवड्यांचे आणि महिन्यांचे. आमच्या त्या सुनेचे. यात सांध्यातील चकती जागेवरून पुढे सरकते. प्रथम तोंड उघडताना 'टक्' असा आवाज येतो. सरकलेल्या चकतीवर हाडाचे टोक चढते त्याचा तो आवाज. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तीन बोटे जात असतील तर घाबरण्याचे कारण नाही. अनेकींना असा आवाज जन्मभर येतो आणि त्यांचे काही बिघडत नाही. मात्र पुढची पायरी ओळखावी. सकाळी उठल्यावर तोंड पाच-दहा मिनिटे अडकते, जबडा इकडेतिकडे हलविला की सुटते. ही सूचना होय. आणि मग एके दिवशी आवाज एकाएकी बंद होतो आणि तोंड दोनच बोटे उघडते. पुष्कळ बायका मला म्हणतात, "आवाज येत होता तो आता गेला, म्हणजे बरेच झाले ना?" नाही हो. आवाज गेला आणि तोंडही कमी उघडू लागले, याचा अर्थ टोक आता चकतीवर चढतच नाही. दाराला आतून पाचर बसली. अशा वेळी तोंड उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूस वळते, कानापुढे दुखते, चावताना दुखते. कित्येकींना कानाचेच दुखणे वाटते आणि त्या कानात तेल घालीत बसतात.

हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, आणि तेही ऐन उमेदीच्या वयात. झोपेत दात खाणे, काळजीने दिवसभर दातावर दात दाबून धरणे, एकाच बाजूने चावणे, मार लागणे, ही त्यास हातभार लावणारी कारणे. आपल्या सोलापुरात मी आणखी एक पाहते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीत, हुरडा, ऊस आणि कडक भाकरी यांचा हंगाम आला की कानापुढे दुखते म्हणून येणाऱ्या बायका वाढतात. याचा अर्थ कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडा असा नव्हे; सोलापूरकरणीला असे सांगण्याची माझी छाती नाही. निरोगी सांध्याला भाकरी काही करीत नाही. दुखऱ्या सांध्याला मात्र दोन महिने विश्रांती हवी. भाकरी आमटीत भिजवून खावी, ऊस दातांनी सोलू नये, सुपारी आणि बर्फ फोडू नये.

आता काळाचा हिशेब. चकती अडकल्यापासून पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत रोगी आला तर तज्ज्ञ हाताने जबडा खाली-पुढे ओढून ती कित्येकदा मोकळी करू शकतात. उशीर झाला की ते कठीण होते. पण उशीर झाला म्हणून निराश होऊ नये. बऱ्याच रोग्यांत काही महिन्यांत दुखणे ओसरते आणि तोंड हळूहळू अधिक उघडू लागते. चकती जागेवर येतेच असे नाही, तिच्याशिवाय सांधा नव्या स्थितीला सरावतो. त्यासाठी मऊ अन्न, दिवसातून तीन-चार वेळा ओल्या फडक्याचा गरम शेक, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामके, शिकवून दिलेले सावकाश व्यायाम आणि रात्री दातांवर घालावयाची पट्टी, एवढ्याने पुष्कळ जणींचे भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्या सांध्यात सुई घालून तो पाण्याने धुतात. मोठी शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. एक सवय मात्र आजपासूनच लावून घ्या: ओठ मिटलेले, दात सुटे. जेवणाव्यतिरिक्त वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकावयास नकोत.

आमची ती सून पाच महिन्यांत तीन बोटांवर आली. तिच्या सासूबाईंनीच तिला रोज शेक दिला.

लहान मुलांविषयी एक शब्द. मूल हनुवटीवर पडले, किंवा कान फार दिवस वाहत राहिला, आणि पुढे महिन्यामहिन्याला तोंड कमी उघडू लागले, तर सांध्याची हाडे एकमेकांस जुळत असण्याचा संभव असतो. त्यात हनुवटीची वाढ खुंटते. हनुवटीवर पडलेल्या मुलाचे तोंड पुढील वर्षभर अधूनमधून मोजावे.

आता शेवटचे दुखणे, वर्षांचे. यात सांध्याचा दोष नसतो, परंतु तोंड उघडणे बंद होते ते मात्र सर्वांत कायमचे. आणि येथे मला माझीच चूक सांगावयाची आहे.

दवाखाना सुरू करून दोन-तीन वर्षे झाली असतील. पूर्वभागातील एक विडीकामगार बाई दाढ काढण्यास आली. विड्या वळताना तोंडात सुपारीचे खांड ठेवण्याची तिला सवय. ती म्हणाली, "बाई, हल्ली तिखट सोसत नाही, तोंड पोळते." मी म्हटले, "तिखट कमी करा." दाढ काढली आणि तिला पाठवून दिले. गालाच्या आतून बोट फिरवून पाहिले नाही, तोंड मोजले नाही, कधीपासून पोळते ते विचारले नाही. दोन-अडीच वर्षांनी ती पुन्हा आली तेव्हा तिच्या तोंडात तिचे एकच बोट जात होते. गाल आतून पांढरे आणि दोरीसारखे ताठ झाले होते. दुखत काहीच नव्हते, म्हणून ती आली नव्हती. पहिल्या दिवशी मी विचारले असते तर तिची सुपारी तेव्हाच सुटली असती. ही गोष्ट मी विसरलेले नाही, आणि आज आपल्यापुढे उभी आहे ती तिच्यामुळे.

या रोगास डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाच्या अस्तराखाली चिवट तंतू वाढतात आणि गाल आवळत जातात. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टराने याचे वर्णन केले ते आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून. पाचही स्त्रियाच, हे लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी आपल्याकडील रोगी पाहून यास नाव दिले. १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रातील डॉ. सत्यवती शिरसाट या विदुषी यांनी लिहिलेला निबंध जगभर प्रमाण मानला गेला.

कारण काय? सुपारी. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खाते," असे मला अनेकजणी अभिमानाने सांगतात. भगिनींनो, या रोगाला तंबाखूची गरजच नाही. सुपारीतील अरेकोलीन नावाचे द्रव्य तंतू वाढविते आणि तिच्यातील तांबे त्या तंतूंना घट्ट बांधते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे प्रसिद्ध केले. तंबाखूची जोड मिळाली, म्हणजे आपल्या गल्लोगल्ली मिळणारा मावा झाला, की धोका आणखी वाढतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पण सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र चोळून दिलेल्या पुडीला कारखाना लागत नाही. ती मुलांच्या दप्तरापर्यंत पोहोचली आहे.

लक्षणे क्रमाने अशी: प्रथम तिखट पोळते, तोंडात फोड येतात. मग गाल पांढुरके पडतात. मग फुंकर मारता येत नाही, शिट्टी वाजविता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. शेवटी तोंड उघडत नाही. याला वर्षे लागतात. पण मावा-गुटखा खाणाऱ्या कोवळ्या मुलांत ती फार लवकर भरतात. मुलगा अख्खा लाडू तोंडात घालीत असे तो आता तुकडे करून खातो, पाणीपुरी नको म्हणतो, हे आईच्याच डोळ्यांना प्रथम दिसते. सुपारी सोडली की रोग पुढे जाण्याचा वेग मंदावतो; परंतु वाढलेले तंतू आपोआप विरत नाहीत. व्यायाम, इंजेक्शने, शस्त्रक्रिया हे उपाय आहेत, तरी गेलेले तोंड पुरते परत मिळविणे अवघड असते. आणि यांपैकी काही रोग्यांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. अशा रोग्यांवर नजर ठेवून सतरा वर्षे केलेल्या एका भारतीय पाहणीत हे प्रमाण शंभरात सुमारे साडेसात आढळले. म्हणून असा रोगी नियमाने तपासणीस गेलाच पाहिजे. आपल्या शहरात १९६३ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. जाण्यास संकोच वाटावयास नको.

माझे सांगणे संपत आले. घरातल्या कोणाचे तोंड अडकले तर त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा. किती बोटे जात होती ते लिहा. आठवड्याने पुन्हा मोजा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. "झाले असतील आठ-पंधरा दिवस" आणि "सात महिने झाले" यांत किती अंतर असते ते आपण ऐकलेच. आणि जिचे दुखते तिलाच विचारा, तिच्या वतीने दुसऱ्याने उत्तर देऊ नये.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या हळदीकुंकवात आणि सभांच्या शेवटी तबकात सुगंधी सुपारी फिरते. लहान मुलीही मूठभर उचलतात, आणि आपण कौतुकाने पाहतो. पूजेची सुपारी पूजेत राहू द्या. गणपती म्हणून तिला अवश्य बसवा, हळदकुंकू वाहा. तोंडात मात्र तिला जागा नको. तबकात बडीशेप ठेवा, तीळ ठेवा, खडीसाखर ठेवा. आज दाराशी ठेवलेल्या तबकात चिटणीसबाईंनी माझ्या सांगण्यावरून बडीशेप ठेवली आहे. जाताना चिमूटभर घ्या, आणि घरी गेल्यावर मुलांना तीन बोटे दाखवावयास सांगा.